काटकसर कुणाच्या ताटातली?



आरोग्याच्या पानावर घरखर्चाचा हिशोब कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटत होते. गेल्या वर्षावासात मंगरूळपीरच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही बसलो होतो. ग्रंथवाचन आटोपले, मुले खेळायला पळाली आणि बाया बोलू लागल्या. विषय आम्ही तब्येतीचा काढला होता, पण प्रत्येकीचे बोलणे फिरून पैशावर येत होते. कुणाच्या घरी ताप, कुणाच्या सासूला लकवा, कुणाला स्वतःलाच काम करता करता चक्कर. एक आजी म्हणाल्या, "आजार आठ दिवसांत जाते बाई, त्याचं कर्ज नाही जात." त्या वाक्यावर कुणी हसले नाही, कारण ते सगळ्यांच्याच घरचे होते.

वर्षावासाचे महिने पाहा. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. विहारात ग्रंथ वाचला जातो तो काळ आणि आपल्या भागात हाती पैसा नसण्याचा काळ एकच आहे. पेरणी झालेली असते, निंदण संपत आलेले असते, सोयाबीन शेतात उभे असते. पैसा त्या शेंगेत अडकलेला. त्याच महिन्यांत डास, गढूळ पाणी, जुलाब, मलेरिया, डेंग्यू. म्हणजे खिसा सर्वांत रिकामा असतो तेव्हाच आजार दारात येतो. हा नशिबाचा खेळ नाही, दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी गोष्ट आहे. ठरलेल्या गोष्टीची तयारी करता येते.

पुस्तकांत आणि टीव्हीवर महिन्याचे बजेट सांगतात: पगार आला की इतके घरभाडे, इतके किराणा, इतके बचत. आपल्याकडे किती घरांत पहिल्या तारखेला पगार येतो? रोजमजुरीच्या घरात महिन्याचा हिशोब दुसऱ्याच आठवड्यात मोडतो. आपल्याला हिशोब करायचा तो वर्षाचा. शाळेच्या वहीत बारा पाने घ्या, प्रत्येक पानावर एका महिन्याचे नाव लिहा. वर लिहा, या महिन्यात कोणते काम मिळते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी, हिवाळ्यात तूर, फेब्रुवारी-मार्चात हरभरा आणि गहू. मग उन्हाळ्यात काम नाही, किंवा वीटभट्टीवर जाणे, ऊसतोडीला गेलेल्यांचे परतणे. खाली लिहा, या महिन्यात कोणता खर्च येतो. जूनमध्ये शाळा, वह्या, चपला, छपरावरची ताडपत्री. एप्रिलमध्ये जयंती, मे महिन्यात लग्ने. जुलै ते सप्टेंबरच्या पानांवर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहा: आजारपण.

ही वही घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे द्या. ती लिहील, आणि घरातल्या पैशाचे तिला कळू लागेल. हे कळणे तिला शाळेच्या गणिताइतकेच पुढे उपयोगी पडणार आहे.

असा हिशोब ठेवणे ही आपल्या धम्माला परकी गोष्ट नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. तो तथागतांकडे आला आणि म्हणाला की आम्ही मुलाबाळांत राहणारी साधी माणसे आहोत, आमच्या याच जन्मातल्या सुखाचे काही सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: कष्ट करणे, कष्टाने मिळवलेले सांभाळणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि समजीविता, म्हणजे आवक आणि जावक तोलून जगणे. तागडी धरणाऱ्याचा दाखला तिथे दिलेला आहे. पण या सुत्तातला एक भाग आपण फारसा सांगत नाही. मिळकतीपेक्षा जास्त उधळणारा जसा चुकतो, तसा हातात असूनही स्वतःला उपाशी ठेवणाराही चुकतो, असे त्यात आहे. तागडीला दोन पारडी असतात. काटकसरीच्या नावाखाली पोट मारणे ही समजीविता नव्हे.

इथे आम्हाला माता रमाईंबद्दल थोडे बोलायचे आहे, आणि ते आदर ठेवूनच बोलायचे आहे.

काटकसरीचा विषय निघाला की आपल्या घरात रमाईंचे उदाहरण दिले जाते. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते तेव्हा पगारातला ठरावीक भाग घरखर्चाला देऊन बाकीची शिल्लक लंडनच्या शिक्षणासाठी टाकत. १९२० साली ते लंडनला गेले. तिकडे त्यांनीही अर्धपोटी राहून अभ्यास केला, आणि इकडे परळच्या चाळीत रमाईंनी घर ओढले. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या घराच्या हिशोबाची दुसरी बाजूही आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्या मातेने गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. रमाईंची स्वतःची तब्येत खचत गेली आणि २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. १८९८ साली जन्मलेल्या रमाईंचे वय तेव्हा चाळीसही नव्हते.

त्या माउलीपुढे दुसरा मार्ग नव्हता. मोफत लस नव्हती, अंगणवाडी नव्हती, लोहाच्या गोळ्या घेऊन दारात येणारी आशाताई नव्हती. आज आपली सूनबाई शिळा तुकडा खाऊन कामावर जाते आणि आपण कौतुकाने म्हणतो, अगदी रमाईसारखी सोसते. या कौतुकाने आपण रमाईंचा मान राखतो की त्यांचे दुःख पुन्हा आपल्या घरात आणतो, याचा विचार व्हायला हवा. बाबासाहेबांनी तो केला होता. मुंबई कायदेमंडळात नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मांडला गेला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर कसे मोडते आणि गरिबाचे घर कसे बुडते, हा त्यामागचा विचार होता. बाईची तब्येत आणि घराचा खर्च त्यांनी वेगवेगळे मानले नाहीत.

म्हणून आमचा प्रश्न असा आहे: आपल्या घरात काटकसर होते ती कुणाच्या ताटातली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. रक्त कमी म्हणजे काय? हिमोग्लोबिन बाराच्या खाली, गरोदरपणात अकराच्या खाली. अशा बाईला चढ चढताना दम लागतो, वेचणीत हात मंदावतो, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. मजुरी किलोवर असेल तर तिचा कापूस कमी भरतो. म्हणजे तिच्या ताटातली वाचवलेली डाळ तिच्याच मजुरीतून वजा होते, आणि मग अशक्तपणाचे सलाईन लावायला पैसे जातात ते वेगळेच.

उपाय खर्चाचा नाही, सवयीचा आहे. सगळ्यांची ताटे एकाच वेळी वाढा. पुरुष आधी, मुले मग, आणि उरले तर बाई, ही रीत कोणत्या सुत्तात नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळा, आवळा, टमाटा, कच्चा कांदा-कोबी ताटात घ्या. त्याने लोह चांगले शोषले जाते. पावसाळ्यात तरोटा, चिवळी, अंबाडी, शेवग्याचा पाला धुऱ्यावर आणि परसात मिळतो. त्याला "गरिबाची भाजी" म्हणून नाक मुरडू नये. गुळाबद्दल मात्र एक सांगतो: गुळाने रक्त वाढते असे सगळे म्हणतात, पण त्यात लोह थोडेच असते. गूळ गोड आहे म्हणून खा, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत आहेत. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक. गोळीने शौचाला काळी होते, पोट थोडे बिघडते, म्हणून बाया ती फडताळात ठेवून देतात. काळी शौच घाबरण्यासारखी नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो.

एवढे करूनही रक्त वाढत नसेल, वारंवार कावीळ होत असेल, हातपाय-सांधे अतोनात दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करा. विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजात हा आजार बऱ्यापैकी आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. लग्न ठरवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, ते चांगलेच झाले. आता दोघांचे सिकलसेलचे कार्ड पाहण्याची पद्धत पाडू या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

प्रथिनांचेही असेच. आपल्या तालुक्यात पाहावे तिकडे सोयाबीन. आपणच पेरतो, निंदतो, सोंगतो, आणि ते पोते मोंढ्यावर जाते. त्याच पैशातला काही भाग मुलांच्या पाच-पाच रुपयांच्या पाकिटांत आणि "ताकदीच्या" डब्यांत परत जातो. तूरडाळीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये ३६च्या वर. मात्र सोयाबीन कच्चे दळू नये, त्यात पचन बिघडवणारा अंश असतो आणि तो उष्णतेनेच जातो. स्वच्छ निवडलेले सोयाबीन भरपूर पाण्यात वीसेक मिनिटे उकळा, पाणी फेका, कडक उन्हात वाळवा, थोडे भाजा. नऊ किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो हे सोयाबीन टाकून दळण आणा. पोळी-भाकरीची चव फारशी बदलत नाही. सोंगणीच्या दिवसांत घरापुरते सोयाबीन बाजूला ठेवा. पण बियाण्याला औषध लावलेले सोयाबीन चुकूनही खाण्यात आणू नका. तूर निघते तेव्हा डाळ न घेता तूर घ्या, घरी भरडा. पावसाळ्यात दुकानातून पावशेर-पावशेर डाळ आणण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

आता ज्या खर्चाला खरोखर कात्री लावायची, त्याकडे येऊ.

पहिला खर्रा. आपल्या भागात याचे वेगळे वर्णन करायला नको. एक पुडी वीस रुपयांची धरा आणि दिवसाला दोनच धरा, पुष्कळांच्या याहून जास्त होतात. रोजचे ४० रुपये, महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,६००. आजच्या भावाने रोजच्या ४० रुपयांत पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला एक अंडे येते. घरात अंडे परवडत नाही म्हणणारा बाप खिशात पुडी ठेवून असतो, हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण खरे आहे ते लिहिले पाहिजे. आणि यात दवाखान्याचा खर्च धरलेलाच नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते. आरशासमोर उभे राहा, आपल्या हाताची मधली तीन बोटे उभी धरून दातांच्या मधून तोंडात घाला. ती जात नसतील, तिखट लागल्यावर तोंड भाजत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत जात नसेल, तर दंतवैद्याला दाखवा, उद्या-परवा करू नका. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर माणूस वाचतो. मशेरी, गुडाखू लावणाऱ्या बायांनाही हेच लागू आहे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन मोफत लागतो.

दारूबद्दल पंचशीलातच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका. शंभर वर्षे होत आली.

दुसरी कात्री सलाईनला. हा विषय नाजूक आहे, कारण सलाईनवर आपल्या लोकांचा फार विश्वास आहे. "सलाईन लावल्याबिगर अंगात जीव येत नाही" हे वाक्य आम्ही प्रत्येक घरात ऐकले. आमच्यातल्या एकीच्या घरी दोन वर्षांपूर्वी पोराला जुलाब झाले. एका खासगी दवाखान्यात दोन दिवसांत चार बाटल्या लावल्या. पोरगा शुद्धीत होता, पाणी मागत होता, पीतही होता. बिल भरायला गटातून कर्ज काढले आणि ते फेडायला दीड वर्ष गेले.

त्या बाटलीत काय असते ते पाहा. साध्या मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. तिची ताकद मोजली तर अर्ध्या भाकरीएवढी भरते. बाकी सारे शुद्ध पाणी. लघवी जास्त होते, अंग थंड पडते, आडवे पडून दोन तास आराम मिळतो, म्हणून बरे वाटते. सलाईन वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला पिता येत नाही, ज्याच्या पोटात काही ठरत नाही, जो गुंगीत आहे, डोळे खोल गेलेत, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, शौचातून रक्त येते, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. तिथे सलाईन जीव वाचवते. तापाच्या रुग्णाला पोटात जोरात दुखत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, ताप उतरल्यावर तो जास्तच गळून गेला असेल, तर डेंग्यूचा धोका समजून तसेच करा. पण शुद्धीत असलेल्या, पाणी पिणाऱ्या माणसाला तेच पाणी तोंडाने देता येते.

एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचे चमचे घ्यायचे, मोठे नाहीत. मीठ जास्त पडू देऊ नका. चव आसवांपेक्षा खारट लागली तर ते फेकून पुन्हा करा. आशाताईकडे ओआरएसची पुडी मोफत मिळते, ती असेल तर उत्तमच. लहान मुलाला प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने. आईचे दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करा, पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात. ताप असेल तर आधी रक्त तपासा. मलेरियाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

डॉक्टरांना दोष देऊन भागत नाही. काही डॉक्टर आम्हाला सांगतात की सलाईन नको म्हटले तर रुग्ण उठून शेजारच्या दवाखान्यात जातो. आपण बाटली मागतो म्हणून ती लागते. पुढच्या वेळी दवाखान्यात एक प्रश्न विचारून पाहा: "साहेब, हे तोंडाने घेता येईल का?"

जयंतीची वर्गणी, लग्नातला डीजे, जेवणावळी यांवर या मासिकात वेगळे लेख येऊन गेलेत. इथे एवढेच की ज्या वस्तीत डीजेला हजारो रुपये जमतात, तिथे आजारपणाच्या निधीलाही जमू शकतात.

जिथे कात्री लावू नये अशी आणखी एक जागा आहे: बीपी आणि शुगरची गोळी. पैसे वाचवायला माणसे सर्वांत आधी हीच गोळी बंद करतात, कारण ती न घेतल्याने उद्या काही होत नाही. होते ते वर्षभराने. विहारात बसलेल्या त्या सुनेने सांगितले, सासूची बीपीची गोळी "बरं वाटते आता" म्हणून थांबवली होती. एके दिवशी सकाळी बोलणे अडखळले, डावा हात पडला. आता घरातले एक माणूस रोज त्यांच्यापाशी बसून असते. गोळीचे पैसे वाचले आणि एका माणसाची रोजी गेली. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारख्या गोळ्याही तिथे मिळतात. तिथे संपल्या असतील तर जनऔषधी दुकानात त्याच औषधाची जेनेरिक गोळी कंपनीच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त असते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. टीबीचे औषध तर पूर्ण मोफत आहे, शिवाय सकस आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. खाते जोडले गेले की नाही एवढे विचारून घ्या.

इतके सांभाळूनही मोठा आजार येतोच. तेव्हा घाईत जे पैसे काढले जातात, तेच पुढे घर खातात. शेकडा पाच रुपयांनी सावकाराचे १०,००० घेतले तर महिन्याचे ५०० व्याज. वर्षात ६,००० गेले आणि दहा हजार जसेच्या तसे उभे. वर्षाला साठ टक्के झाले हे. बचत गटाच्या आतले कर्ज शेकडा दोनने असले तरी वर्षाला चोवीस टक्के पडते, पण ते व्याज निदान आपल्याच गटात राहते. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात त्याची तक्रार होते. कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका, घराचा कागद किंवा राशनकार्ड गहाण ठेवू नका. दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या फायनान्सवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घराच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त हप्ते होतील असे कर्ज देता येत नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही, आणि कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज काढायची वेळ आली असेल, तर तिथेच थांबून गटातल्या बायांशी उघड बोला. लपवल्याने व्याजही वाढते आणि रात्रीची झोपही जाते.

कर्जाआधी पाहायची गोष्ट म्हणजे सरकारी सोय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेतले जात नाहीत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. राशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, आता चालते. पण हे योजनेतल्या दवाखान्यातच आणि भरती झाल्यावरच. साध्या तपासणीला आणि बाहेरून आणलेल्या औषधाला ते लागू नाही. दवाखान्यात पोहोचताच आरोग्यमित्राचे टेबल शोधा, आणि पैसे भरण्याच्या आधी शोधा. आधी रोख भरले की नंतर ते परत मिळवणे फार जड जाते. कोणता दवाखाना योजनेत आहे हे १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर विचारता येते, आणि योजनेत बसणाऱ्या उपचाराला पैसे मागितले तर तक्रारही तिथेच. रुग्ण गंभीर असेल तर गाडी भाड्याने करण्याआधी १०८ लावा, बाळंतपणासाठी १०२.

सोंगणीचा पैसा येतो त्याच दिवसांत अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत: एक वापरायला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी. रोजमजुराला चौथा वाटा काढणे शक्य नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण रोजचे दहा रुपये म्हणजे वर्षाचे ३,६५०. पावसाळ्यातला एखादा ताप आणि अकोल्याच्या दोन-चार खेपा त्यात निघतात. सोंगणी आणि वेचणीच्या महिन्यांत रोजचे वीस टाकले तर उन्हाळ्यात न टाकता चालेल. पैसे घरच्या डब्यात टिकत नाहीत, म्हणून त्या वस्तीतल्या एका गटाने नेहमीच्या बचतीशिवाय आजारपणाची वेगळी पेटी केली. सोंगणीनंतर प्रत्येकीने एक दिवसाची मजुरी टाकली. पैसे द्यायचे ते फक्त दवाखान्यासाठी, बिनव्याजी, आणि पुढच्या सोंगणीत परत. श्रावणात तिघींनी घेतले. दोघींचे परत आले आहेत, तिसरीचे यायचे आहेत.

शेवटी एक प्लास्टिकची पिशवी. ती खुंटीला टांगून ठेवा, कुलपातल्या पेटीत नको. त्यात राशनकार्ड, घरातल्या प्रत्येकाचे आधारकार्ड, आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर ते, बँकेच्या पासबुकाची प्रत, गरोदर बाईचे आणि बाळाचे लसीकरणाचे कार्ड, सिकलसेलचे कार्ड, आधीच्या तपासण्यांचे कागद, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे. राशनकार्डात सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव चढले आहे का, आणि कार्डावरचे नाव व आधारवरचे नाव एकच आहे का, ते आजच पाहा. वर्षावासात आम्ही अकरा घरांच्या पिशव्या तपासल्या. चार घरांत सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर होते.